दुब्रोव्हनिकमधला एक दिवस आणि कौलांचे दोन रंग

माडाखालची

नमस्कार मंडळी, मागच्या महिन्यात आई, नवरा आणि मी असे तिघं क्रोएशियाला जाऊन आलो, त्यात दुब्रोव्हनिकला पूर्ण असा एकच दिवस हातात होता. आई ६९ ची, गुडघ्यांचा त्रास, त्यामुळे काय बघायचं यापेक्षा काय सोडायचं हेच आधी ठरवावं लागलं. ज्यांना असाच एक दिवस मिळणार आहे त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितेय, आणि आल्यापासून ते शहर डोक्यातून जात नाहीये म्हणूनही.

राहायला बाबिन कुक भागात होतो, तिथून ६ नंबरची बस थेट जुन्या शहराच्या पिले दरवाज्यापाशी सोडते. पावणेआठला पोचलो. पुलावरून आत शिरताना वर कोनाड्यात एक दाढीवाला संत दिसतो, हातात अख्खं शहर घेतलेला. हा स्वेती व्लाहो, गावाचा राखणदार. आमच्याकडे वेशीवर असतो ना, तसाच. आईने लगेच हात जोडले.

तटबंदी आठला उघडते आणि आठलाच चढायचं, यात तडजोड करू नका. एक म्हणजे ऊन, वर सावली जवळपास नाहीच, आणि दुसरं म्हणजे क्रूझची माणसं नऊ-दहाच्या सुमाराला यायला लागतात मग त्या अरुंद वाटेवर मुंगीच्या पावलाने चालावं लागतं. पूर्ण फेरी १९४० मीटरची, वाट एकाच दिशेने, आधी समुद्राची बाजू आणि शेवटी चढत चढत मिनचेता बुरूज. तिकीट महाग आहे, माणशी ३५-४० यूरोच्या घरात, पण दिवसाचा पास घेतला तर त्यात तटबंदी, रेक्टरचा वाडा, संग्रहालयं आणि शहर बस सगळं येतं, तोच घ्या.

आता कौलांबद्दल. वरून खाली बघितलं की सगळं शहर म्हणजे नुसती कौलं. नळीची कौलं, अर्धगोल, एक पालथं एक उताणं अशी बसवलेली. मालवणजवळ आमचं जुनं घर होतं त्यावर अगदी हीच होती, मंगलोरी नंतर आली. मृग लागायच्या आधी बाबा आणि एक गडी वर चढून कौलं परतायचे, फुटकी काढून नवी घालायचे, आणि पुढची दोनतीन वर्षं ती नवी कौलं छपरावर वेगळी ओळखू यायची, लालभडक. इथे बघताना पहिलं तेच आठवलं. काही छपरं करडी, पिवळट, मधेच गुलाबी, काळे डाग पडलेली, आणि बाकीची एकसारखी झगझगीत केशरी. मी नवऱ्याला म्हटलं सुद्धा, बघ यांनी पण कौलं परतलीत. मग खाली आल्यावर दरवाज्याजवळचा नकाशा वाचला. क्रोएशिया युगोस्लाव्हियातून फुटला तेव्हा युगोस्लाव्ह सैन्याने घातलेल्या १९९१-९२ च्या वेढ्यात कुठल्या घरावर काय पडलं त्याचा तो नकाशा. जुन्या शहरातल्या ८२४ इमारतींपैकी ५६३ ना तोफगोळे लागले होते. केशरी छपरं जास्त का दिसतात ते तिथे कळलं. युनेस्कोच्या यादीत हे शहर १९७९ पासून आहे, आणि तरीही ६ डिसेंबर १९९१ ला एका दिवसात सगळ्यात जास्त मारा झाला. त्या नकाशासमोर मी किती वेळ उभी होते माहीत नाही.

आई अर्थात वर आली नाही. ती खाली गुन्दुलिच चौकातल्या सकाळच्या बाजारात बसली होती. आम्ही दोन तासांनी आलो तर एका आजीबाईंच्या टेबलामागे स्टुलावर बसलेली, हातात संत्र्याच्या सालींचा साखरेत घोळवलेला मुरंबा. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती. आईने त्यांना खुणेने विचारलं साल किती दिवस भिजत घालता, त्यांनी बोटं दाखवली, आई म्हणाली कडूपणा जायला तेवढं लागतंच. सुके अंजीर पण घेतले तिथून. हा बाजार दुपारी उठतो, सकाळीच जा.

मग ओनोफ्रिओचं कारंजं. खरं तर १४३८ चं पाणीपुरवठ्याचं टोक आहे ते, बारा किलोमीटरवरून झऱ्याचं पाणी आणलेलं, सोळा दगडी चेहऱ्यांच्या तोंडातून पडतं. पाणी गार आणि पिण्याजोगं आहे, बाटल्या तिथेच भरा, बाहेर विकत घेऊ नका.

सगळ्यात आवडलेली जागा विचाराल तर स्पोन्झा वाडा. १५२२ च्या सुमाराचा, तेव्हाचं जकात घर. आतल्या चौकात जिथे मालाचा काटा टांगलेला असे त्या कमानीवर लॅटिनमधे कोरलंय, त्याचा अर्थ असा, की आमची वजनं फसवत नाहीत आणि फसवू देत नाहीत, मी माल तोलतो तेव्हा देव मला तोलतो. बाबांचं दुकान होतं मालवणात. आईला वाचून दाखवलं तर ती थोडा वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली ह्यांनी हे दुकानात लावलं असतं.

दुपारी मुक्कामावर परत, आराम. चारला पुन्हा. क्रूझवाले तोपर्यंत परतायला लागतात. संध्याकाळी स्त्रादुनवर बसून राहिलो, तो मुख्य रस्ता म्हणजे चुनखडीच्या लाद्या, शेकडो वर्षं पायांनी घासून आरशासारख्या झालेल्या, दिवे लागले की खाली पण दिवे दिसतात. वर पाकोळ्यांचे थवेच्या थवे किंचाळत फिरत होते. एक दिवस असला तरी ही संध्याकाळ सोडू नका, हेच मुख्य सांगायचं होतं. आणि चपला घासलेल्या नकोत, लाद्यांवरून पाय सटकतो.

---

उंबरठा

खूप सुंदर लिहिलंयस ग. काट्याचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. आम्ही सप्टेंबरमधे जाणार आहोत, दोघंही शाकाहारी, अंडं चालतं. तिथे उपाशी राहायची वेळ येते का? आणि ती गाजलेली सिरियल, गेम ऑफ थ्रोन्स, बघितली नसेल तर काही अडतं का, सगळीकडे त्याचेच फोटो दिसतात.

---

माडाखालची

@उंबरठा अजिबात अडत नाही, आम्ही पण नाही बघितली. खाण्याचं म्हणशील तर सकाळी बेकरी शोध, तिथे पेकारा म्हणतात. बुरेक मिळतो, पातळ पापुद्र्यांचा, गरम. मागताना "सिर" म्हण म्हणजे चीजवाला मिळेल, नुसतं बुरेक म्हटलं तर बहुतेक वेळा खिमा असतो. ब्लित्वा म्हणून एक भाजी मिळते, पालेभाजी आणि बटाटा लसूण ऑलिव्ह तेलात, आईला फार आवडली, आपल्या चवळी-माठाच्या जवळची. गोडात रोझाता, कॅरॅमल कस्टर्डसारखं, अंड्याचं असतं. काळा भात दिसला तर तो माकुलच्या शाईचा असतो, तो तुमच्यासाठी नाही. स्त्रादुनवर जेवू नका, दोन गल्ल्या आत शिरलं तरी बिलात फरक पडतो.

---

दर्यावर्दी

लेख वाचून जुने दिवस आठवले. मी मर्चंट नेव्हीत होतो, १९८८ साली आमचं जहाज प्लोचेला लागलं होतं, तेव्हा त्या बंदराचं नाव कार्देल्येवो होतं, युगोस्लाव्हियाचे दिवस. दोन दिवस सुट्टी मिळाली म्हणून बसने दुब्रोव्हनिकला गेलो, किनाऱ्याकिनाऱ्याने शंभरेक किलोमीटरचा रस्ता. वाटेत नेउम लागलं, तिथे बस चहापाण्याला थांबली, बॉर्डर वगैरे काही नाही, एकच देश होता. आता तेच गाव बोस्नियात आहे आणि क्रोएशियाचे दोन तुकडे पडलेत.

तोफमाऱ्याबद्दल एक भर घालतो. त्याबद्दल पुढे हेगच्या न्यायालयात खटले झाले. युगोस्लाव्ह नौदलाचा अधिकारी मिओद्राग योकिच याने गुन्हा कबूल केला, सात वर्षांची शिक्षा झाली. आरोपांमधे ऐतिहासिक वास्तूंचा नाश हा वेगळा आरोप होता. दर्यावरच्या माणसाने बंदराच्या गावावर तोफा डागाव्यात हे मला आजही पचत नाही. बंदर म्हणजे तुम्हाला वादळात आसरा देणारी जागा.

---

गणपुले_सर

नेउमचा विषय निघाला म्हणून. ती पट्टी बोस्नियाकडे का गेली याची मुळं १६९९ च्या कार्लोवित्स तहात आहेत. दुब्रोव्हनिक तेव्हा स्वतंत्र प्रजासत्ताक, नाव रागुसा. त्यांना भीती तुर्कांची कमी आणि व्हेनिसची जास्त. व्हेनिसने जमिनीवरून चालून येऊ नये म्हणून त्यांनी दोन्ही टोकांची थोडी थोडी किनारपट्टी तुर्कांच्या ताब्यात जाऊ दिली, म्हणजे मधे उशी तयार झाली. सव्वातीनशे वर्षांपूर्वीचा तो डाव आजच्या नकाशावर आहे.

आणि हे लोक तुर्कांना दरवर्षी १२,५०० डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, खंडणी भरत होते. बदल्यात बाल्कनभर व्यापाराची मोकळीक. झेंड्यावर लिबर्तास, म्हणजे स्वातंत्र्य, आणि तिजोरीतून खंडणी. काही लोक याला दुटप्पीपणा म्हणतात, मी म्हणणार नाही. लहान राज्याला तोफांपेक्षा वकील जास्त उपयोगी पडतात. १८०८ ला नेपोलियनच्या फौजेने प्रजासत्ताक बरखास्त करेपर्यंत शेकडो वर्षं त्यांनी ते टिकवलं.

लोव्रियेनात्स किल्ला बघितलात का? शहराबाहेर खडकावर आहे. त्याच्या बाहेरच्या बाजूच्या भिंती १२ मीटरपर्यंत जाड आणि शहराकडची भिंत जेमतेम ६० सेंटीमीटर. किल्लेदार फितूर झाला तर आपल्याच तोफांनी ती पाडता यावी म्हणून. रेक्टर म्हणजे राज्याचा प्रमुख, त्याची मुदत एक महिना, आणि त्या महिन्यात कामाशिवाय वाड्याबाहेर पडायचं नाही. कुणाच्याही हातात सत्ता मुरू द्यायची नाही, एवढी खबरदारी.

---

माडाखालची

@गणपुले_सर किल्ला बाहेरून बघितला, पायऱ्या खूप होत्या. भिंतीच्या जाडीचं माहीत असतं तर नवऱ्याला तरी पाठवलं असतं वर. रेक्टरच्या वाड्यात दारावर कोरलेलं बघितलं, खाजगी गोष्टी विसरा आणि सार्वजनिक कामं बघा.

@दर्यावर्दी काका, तुमच्याकडे तेव्हाचे फोटो आहेत का हो? १९८८ चे म्हणजे वेढ्याच्या आधीचे.

---

सोनटक्का

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आम्ही दोन वर्षांपूर्वी जुलैमधे गेलो होतो आणि मला ते शहर अजिबात आवडलं नाही. माणसांवर माणसं, अकरा वाजता स्त्रादुनवर पाऊल टाकायला जागा नाही, घरं सगळी भाड्याने दिलेली, खरा रहिवासी शोधून सापडत नाही. गावात गाव उरलं नसेल तर नुसते दगड बघून काय करायचं? त्यापेक्षा स्प्लिटला दिवस घालवा, तिथे रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या राजवाड्यात लोक अजून राहतात, कपडे वाळत घालतात, भांडतात.

---

माडाखालची

@सोनटक्का राग कशाला, तुम्ही म्हणता ते खोटं नाहीये. जुलैमधे मी पण नसते गेले. क्रूझवर आता बंधन आहे, एका वेळी दोनच जहाजं, सुमारे चार हजार प्रवासी, पण तेवढेही त्या गावाला जास्तच. तरी गाव उरलं नाही हे मला पटत नाही. मागच्या चढाच्या गल्ल्यांमधे गेलात का? तिथे घराघरांवर खिडकीशेजारी दगडी कान काढलेत, भोक पाडलेले, पूर्वी त्यात दांडी अडकवून कपडे वाळत घालत. एका ठिकाणी आता दोरी होती आणि शाळेचा असावा असा लहानसा शर्ट वाळत होता, खाली कुंडीत पार्सली. दोन मुलं पायऱ्यांवर बॉल खेळत होती आणि बॉल खाली गेला की एकाला सत्तर-ऐंशी पायऱ्या उतरून आणावा लागत होता. कमी आहेत, पण आहेत. त्यांना तुम्ही नाहीत म्हणू नका.

---

डॉ_शेवंती

मला लाझारेतीबद्दल, म्हणजे तिथल्या जुन्या क्वारंटाइनच्या इमारतींबद्दल लिहायचंय, कारण कोविडमधे ड्युटी करताना हे नाव पहिल्यांदा वाचलं होतं आणि नंतर मुद्दाम बघायला गेले. क्वारंटाइनची पहिली कायदेशीर नोंद याच शहराची. १३७७ साली इथल्या मोठ्या सभेने ठराव केला, की प्लेगच्या भागातून येणाऱ्याने आधी मर्कान बेटावर किंवा त्साव्ताटला एक महिना राहायचं, मगच शहरात पाऊल. तीस दिवस होते आधी, पुढे चाळीस झाले, आणि चाळीसच्या इटालियन शब्दावरून क्वारंटाइन. जंतू म्हणजे काय हे कुणाला माहीत नसताना पाचशे वर्षं आधी केलेला हा विचार आहे.

व्यापार बंद करायचा नाही आणि साथ आत येऊ द्यायची नाही, दोन्ही साधायचं, म्हणून हा मार्ग. आपल्याकडे १८९७ ला प्लेगच्या वेळी जो साथरोग कायदा आला तोच २०२० ला वापरला, आणि पुण्यात त्या वेळी काय झालं ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे, घराघरात सोजीर घुसले. लाझारेतीच्या त्या रांगेतल्या लांबलचक खोल्या बघताना मला सारखं वाटत होतं, की आत ठेवलेल्या माणसाला इथून समुद्र दिसत होता, शहराचा दरवाजा दिसत होता. शहराच्या प्लोचे दरवाज्याच्या बाहेर आहे (वरचं प्लोचे बंदर वेगळं), पूर्वेला, दहा मिनिटं चाला. बहुतेक लोक तिथपर्यंत जातच नाहीत.

---

पणजीकर

उशिरा येतोय धाग्यावर, पण माझ्याकडचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या व्लाहोचं देऊळ, म्हणजे चर्च, आमच्या गोव्यात आहे! कुंभारजुव्याजवळ गंवडाळी गावात, सांव ब्राज म्हणतात. पोर्तुगीजात ब्राज, तिकडे व्लाहो, संत तोच. सोळाव्या शतकात रागुसाचे व्यापारी आणि खलाशी पोर्तुगीजांच्या आधाराने जुन्या गोव्यात येत, त्यांची वस्ती तिथे होती आणि त्यांनी आपल्या गावाच्या राखणदाराच्या नावाने १५६३ च्या सुमाराला हे चर्च बांधलं असं मानतात. क्रोएशियाची माणसं मुद्दाम बघायला येतात. फेस्त ३ फेब्रुवारीला, तिकडेही त्याच दिवशी. गळ्याच्या दुखण्यावरचा संत हा.

---

गणपुले_सर

@पणजीकर उत्तम माहिती. एक दुरुस्ती मात्र आधीच करून ठेवतो, कारण बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की गोव्याचं चर्च दुब्रोव्हनिकच्या चर्चची नक्कल आहे. दुब्रोव्हनिकमधलं आजचं व्लाहोचं चर्च १७१५ चं. आधीचं १७०६ च्या आगीत गेलं. म्हणजे गोव्याचं चर्च आजच्या इमारतीपेक्षा दीडशे वर्षांनी जुनं. त्या आगीतून संताची चांदीची मूर्ती वाचली, तिच्या हातात शहराचा जो नमुना आहे तो १६६७ च्या भूकंपाच्या आधीच्या शहराचा. त्या भूकंपात सुमारे पाच हजार माणसं गेली आणि स्पोन्झासारख्या मोजक्या इमारती सोडल्या तर शहर कोसळलं, त्यामुळे जुनं दुब्रोव्हनिक कसं दिसे हे बघायचं तर ती मूर्ती बघावी लागते.

---

उंबरठा

बापरे, किती कळतंय या धाग्यातून. एक विचारायचं राहिलं, आम्ही दुसऱ्या दिवशी माँटेनेग्रोतलं कोटर करू का? दीड-दोन तासांवर दिसतंय नकाशात.

---

खडीसाखर

@उंबरठा आधी व्हिसा बघा!! आमच्यासारखं करू नका. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमधे, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांमधे आहे, कोटरला गेलात की शेंगेनच्या बाहेर पडलात, आणि व्हिसा सिंगल एंट्री असेल तर परत आत येता येत नाही. आमच्या एजंटने पुण्यात सांगितलं होतं की काही प्रॉब्लेम नाही, सगळे जातात. बॉर्डरवरच्या बाईने पासपोर्ट बघून शांतपणे विचारलं, जाताय ते ठीक, पण परत यायचंय का तुम्हाला? सामान दुब्रोव्हनिकला, परतीचं विमान झाग्रेबहून. तिथूनच मागे फिरलो, टूरचे पैसे गेले, पण तिने विचारलं नसतं तर काय झालं असतं हा विचार करून आजही पोटात गोळा येतो. स्प्लिटहून बसने येत असाल तर मात्र आता काळजी नाही, बोस्नियात न शिरता जाणारा पेल्येशात्सचा पूल जुलै २०२२ ला सुरू झालाय, फक्त बस पुलावरून जाते की नेउमवरून हे तिकीट काढताना विचारून घ्या.

---

उंबरठा

@खडीसाखर अगं थँक यू, आमचा सिंगलच आहे. कोटर रद्द. दोन्ही दिवस दुब्रोव्हनिक.

---

माडाखालची

मग दुसऱ्या दिवशी लोकरुम बेटावर जा, जुन्या बंदरातून बोट पंधरा मिनिटांत नेते, मोर आहेत तिथे मोकळे फिरणारे. नाहीतर स्टोनला, मिठागरं आणि साडेपाच किलोमीटरची तटबंदी. आणि सकाळी व्लाहोच्या चर्चसमोर ओर्लांडोचा खांब बघा, १४१८ चा, त्यावर एक योद्धा कोरलाय. त्या योद्ध्याचा उजवा हात कोपरापासून पुढे ५१ सेंटीमीटरच्या जरा वर, तेच त्या राज्यातलं कापड मोजायचं माप. आपण पण हातानेच मोजायचो की.

---

दर्यावर्दी

माडाखालची ताई, फोटो सापडला. स्लाइड होती, नातवाने स्कॅन करून दिली, वर टाकलाय. मिनचेतावरून काढलेला. मोठा करून बघा, सगळी छपरं एका रंगाची आहेत. डावीकडे खाली एका छपरावर एक माणूस ओणवा बसलाय, हातात कौल. तेव्हा मला तो दिसलाही नव्हता.

---

माडाखालची

काका... आईला दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाली कडेपासून वर चालत आलाय तो, तसंच करतात, नाहीतर पाय ठेवायला जागा उरत नाही.

@पणजीकर, गंवडाळीला जाणार असाल तर त्या चर्चच्या छपराचा एक फोटो टाकाल का इथे?

---

पणजीकर

घरापासून लांब नाही, रविवारी जातो आणि टाकतो.